मिडल स्कूलची इंग्लिश टेस्ट: लिटररी टर्म्सची उजळणी करताना या चुका टाळा

अमेरिकेत सातवी-आठवीत मुलं असलेल्या मराठी आईबाबांसाठी लिहितेय. टेस्ट जवळ आली की घरोघरी तेच, क्विझलेटवर (फ्लॅशकार्डांची वेबसाइट) कार्डं पाठ, आयरनी म्हणजे काय, फोरशॅडोइंग म्हणजे काय सगळं धडाधड येतं आणि पेपरात गोष्टीतला उतारा समोर आला की पोरगं अडकतं. व्याख्या आली म्हणजे टर्म आली असं धरू नका. प्रत्येक टर्मपुढे गोष्टीतली एक जागा लिहून ठेवायला लावा, पान नंबरसकट.

सगळ्यात जास्त घोळ आयरनीचा. मोपासांची 'द नेकलेस' (1884) घ्या, माथिल्दचा हरवलेला हार शेवटी खोटा निघतो आणि मुलं बिनधास्त लिहितात ड्रॅमॅटिक आयरनी, कारण शेवट लई ड्रॅमॅटिक आहे ना! पण हार खोटा हे माथिल्दला कळतं तेव्हाच आपल्याला कळतं, म्हणून ती सिच्युएशनल, म्हणजे अपेक्षेच्या उलटं घडणं. ओ. हेन्रीच्या 'गिफ्ट ऑफ द मॅजाय'मध्ये बायको नवऱ्याच्या घड्याळाच्या साखळीसाठी केस विकते आणि नवरा तिच्या केसांच्या कंगव्यांसाठी तेच घड्याळ विकतो, तीही सिच्युएशनलच. याउलट मार्क ट्वेनच्या पुस्तकातला टॉम सॉयर जिवंत आहे हे आपल्याला माहीत असतं आणि चर्चमध्ये गाव त्याच्यासाठी रडत असतं, ही ड्रॅमॅटिक, म्हणजे पात्रांना माहीत नसलेलं वाचकाला माहीत असणं. मुलाला एकच प्रश्न विचारा, हे आपल्याला पात्राच्या आधी कळलं होतं का? निम्मे मार्क तिथेच वाचतात.

दुसरं म्हणजे लेखक आणि निवेदक एकच समजणं. एडगर ॲलन पोच्या 'द टेल-टेल हार्ट' (1843) वर उत्तर लिहिताना "पोने म्हाताऱ्याला मारलं" असं लिहू देऊ नका, मारतो तो गोष्टीतला निवेदक. आणि तो निवेदक सांगतो ते सगळं खरं मानायचं नाही, मी वेडा नाही, मी वेडा नाही असं तो सारखं पटवत बसतो आणि फरशीखालून मेलेल्या माणसाच्या काळजाचे ठोके ऐकतो, अनरिलायबल नॅरेटर (ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही असा निवेदक) शिकायला याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

थीमच्या (गोष्ट काय सांगू पाहते त्याच्या) जागी "लोभ" असा एक शब्द लिहिला की तो नुसता विषय झाला, पूर्ण वाक्य हवं. क्लायमॅक्स म्हणजे शेवट नाही, कथेचा कळसाचा क्षण: डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये कंजूष म्हातारा स्क्रूज थडग्यावर स्वतःचं नाव वाचतो तो क्लायमॅक्स, टर्की पाठवतो ते नंतरचं.

आणि प्लीज, सिनेमा दाखवून पुस्तक उरकू नका. डिकन्स स्क्रूजला ऑयस्टरसारखा एकटा म्हणतो, मुलं सिमिली (उपमा) म्हणून अंडरलाइन करून पुढे जातात, पण ऑयस्टरच का हे कोणी विचारत नाही. कोकणात कालवं फोडताना ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, खडकाला चिकटलेलं, घट्ट मिटलेलं, जोर लावल्याशिवाय न उघडणारं आणि आत मात्र मऊ. एवढं मुलाला बोलता आलं की त्या टर्मची भीती जाते. सिनेमात माणूस चिडका दिसतो, हे वाक्य दिसत नाही.

या सगळ्या गोष्टी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. आदल्या रात्री कार्डं बाजूला ठेवा, एक परिच्छेद काढून द्या आणि टर्म ओळखायला सांगण्याऐवजी विचारा, हे वाक्य साधं लिहिलं असतं तर काय कमी झालं असतं?