गडावर सगळेच गालातल्या गालात हसतात: लिहून खेळणाऱ्यांसाठी शब्दांची झाडाझडती

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की आम्ही सात जण गडावर जमतो. गड सह्याद्रीतला, साल १६७५, पण तो नकाशावर शोधू नका, आम्हीच रचलेला आहे. खेळात चित्र एकही नाही, सगळं लिहून. एक जण बेळगावहून येतो, एक जण जर्मनीतून, बाकीचे इकडचेच. मी तीन पात्रं चालवते: कारखानिसांची बहीण गंगाबाई, मेटावरचा म्हणजे गडाच्या चौकीवरचा पहारेकरी दौलत आणि गडाचे कागद सांभाळणारे सबनीसपंत. दिवसा मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका आहे. साक्षीदार बोलतो, मी उतरवते. माणसं कोणत्या शब्दाला कशी धरून बसतात, ते त्यामुळे रोज कानावर पडतं.

तरी माझा स्वतःचा शब्द मला दोन वर्षं ऐकू आला नव्हता. एकदा सीन संपल्यावर आमच्यातल्या एकाने खाजगीत निरोप पाठवला: ‘ताई, तुमची तिन्ही माणसं किंचित हसतात, किंचित थांबतात आणि किंचित वळतात.’ मी जुने लॉग, म्हणजे खेळाच्या साठवलेल्या नोंदी, उघडून बसले. त्याचं खरं होतं. गंगाबाई विधवा, घरंदाज, तोलून बोलणारी. दौलत रांगडा गडी. पंतांचं सगळं आयुष्य कागदात गेलेलं. पण तिघांच्या अंगात एकच बाई हालचाल करत होती, आणि ती मी होते.

तेव्हापासून जी झाडाझडती सुरू केली, ती इथे लिहिते आहे. तुम्ही मडवर (म्हणजे अनेकांनी मिळून लिहून खेळायच्या खेळावर) खेळत असा, त्याच्याच भाऊबंद मशवर, डिस्कॉर्डवर किंवा नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, पद्धत तीच.

आधी हे शब्द येतात कुठून ते बघू. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला मड लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. या घराण्यातला डिकूमड कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९० मध्ये सुरू केला. त्यात ‘सोशल’ नावाची तयार वाक्यं होती. ‘स्माइल’ टाइप केलं की हसल्याचं छापील वाक्य सगळ्यांच्या पडद्यावर, ‘नॉड’ केलं की मान हलवल्याचं. सोय मोठी होती, पण हजार खेळाडू एकाच तऱ्हेने हसायला लागले. नंतर आपलं वाक्य आपणच लिहायची मुभा मिळाली, म्हणजे इमोट किंवा पोझ, तरी बोटांना ती जुनी यादीच पाठ राहिली. इंग्रजी खेळांत मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे जो तो ‘स्मर्क’ करतो, म्हणजे तिरकस हसतो, आणि ‘चकल’ करतो, म्हणजे दबक्या आवाजात हसतो. डोळ्यांना डोळे म्हणायचं सोडून ‘ऑर्ब्ज’ म्हणजे गोळे म्हणतात. आम्ही मराठीत खेळायला लागलो तेव्हा वाटलं, इथे पाटी कोरी आहे. कुठली कोरी! पहिल्याच महिन्यात गडावर भुवया उंचावल्या, सुस्कारे सुटले आणि सगळेच गालातल्या गालात हसायला लागले.

आता कामाला लागू. मागचे आठ-दहा सीन एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घ्या. फक्त तुमच्या पोझ ठेवा, दुसऱ्यांच्या काढून टाका. मग शोध लावा, पण अख्खा शब्द टाकू नका. मराठीत शब्दाला विभक्ती लागते, क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून मूळ तेवढं टाका. ‘भुव’ टाकलं की भुवई, भुवया, भुवयांमध्ये हे सगळं निघतं. ‘हस’ टाकलंत तर ‘साहस’ आणि ‘सहस्र’ही गोळा होतील, ते वजा करा. ‘स्मित’बरोबर ‘विस्मित’ येईल, तो मात्र वजा करू नका, त्याचीही झडती घ्यायची आहे. मग ‘हळू’, ‘क्षणभर’, ‘जणू’, ‘रोखून’, ‘एकवार’, ‘सुस्कार’, ‘मान’ शोधा. आणि शेवटी ते सगळं मोठ्याने वाचा. शोध लावून सापडत नाहीत असे शब्द कानाला सापडतात. माझा ‘नुसतं’ असाच सापडला.

सापडलेल्या शब्दांवर सरसकट बंदी घालू नका. मी आधी तेच केलं होतं. ‘किंचित’ बंद केला तर ‘थोडंसं’ आलं, ते बंद केलं तर ‘जरासं’. हसण्याचंही तसंच: गालातल्या गालात सोडलं की मिश्कील हसू, ते सोडलं की मंद स्मित. समानार्थी शब्दाने काही साधत नाही, कारण दुखणं शब्दात नसतं.

ते कुठे असतं, हे मला कोर्टात समजलं. साक्षीदाराला विचारतात, ‘ही सही तुमचीच ना?’ तो मान हलवतो. साहेब लगेच म्हणतात, ‘तोंडाने सांगा.’ हलवलेली मान मी उतरवणार कशी? होय म्हणून, की नाही म्हणून, की पुढचं विचारा म्हणून? आपल्या खेळातही समोरच्याला फक्त अक्षरं दिसतात. ‘दौलत मान डोलावतो’ एवढंच लिहिलं तर हवालदाराचं, म्हणजे गडाच्या मुख्य अधिकाऱ्याचं, पात्र चालवणाऱ्याला त्यातून उचलण्यासारखं काही मिळत नाही. मग तोही बिचारा भुवई उंचावतो, आणि दोघं अर्धा तास एकमेकांकडे बघत उभे राहतात. म्हणून प्रत्येक लाडक्या शब्दापाशी थांबून एवढंच विचारा: याने समोरच्याच्या हातात काय पडलं?

माझीच एक जुनी पोझ घ्या.

‘दौलत गालातल्या गालात किंचित हसतो आणि हळूच मान डोलावतो. “आज्ञा, हवालदार.”’

निवेदनाच्या नऊ शब्दांत चार लाडके. दौलतच्या मनात त्या वेळी काय होतं? हवालदार नवे आलेले, त्यांच्यावर त्याचा भरवसा नव्हता. तो हसला तो त्यासाठी, पण ते मला एकटीला ठाऊक. आज तीच पोझ मी अशी लिहीन:

‘दौलतने हातातली दिवटी कोनाड्यात खोचली. किल्ल्यांचा जुडगा हवालदारांनी हात पुढे केला तरी कमरेचा सोडला नाही. “दरवाजा लावतो. अडसर घालू का, ते पंतांना एकदा विचारून घेतो.”’

आता हवालदाराला चिडता येतं, जुडगा मागता येतो, पंतांना बोलावणं धाडता येतं. हसू कुठे लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते दिसतं. मात्र एक पथ्य पाळा: हवालदार चिडले की नाही, हे तुम्ही लिहायचं नाही. ते ज्याचं पात्र आहे त्याने ठरवायचं.

या दोन पोझमध्ये आणखी एक फरक आहे, तो मराठीत खेळणाऱ्या प्रत्येकाने बघावा. पहिलीत ‘हसतो, डोलावतो’, दुसरीत ‘दौलतने खोचली’. इमोट लिहिलं की खेळ तुमचं नाव आपणहून पुढे लावतो, आणि नावानंतर मोकळी जागा सोडतो. इंग्रजीला ते चालतं. मराठीत त्या जागेमुळे ‘ने’ जोडता येत नाही, म्हणून आपण ‘दौलत बघतो, दौलत उचलतो, दौलत देतो’ असं वर्तमानकाळातच अडकतो. सगळी वाक्यं ‘-तो’ आणि ‘-ते’ने संपायला लागली की शब्द वेगळे असूनही कानाला सारखेच वाटतात. मश प्रकारच्या खेळांत यावर जुना उपाय आहे: ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकला की नावाला पुढचं अक्षर जागा न सोडता चिकटतं. ‘;ने दिवटी खोचली’ लिहिलं की पडद्यावर ‘दौलतने दिवटी खोचली’ असं उमटतं. आमचा गड एव्हेनियावर चालतो, म्हणजे पायथनमध्ये लिहिलेल्या मोफत साधनावर. त्यात ही सोय आमच्यातल्या एकाने एका दुपारी घालून दिली. दुसऱ्या शुक्रवारपासून गडावरची भाषाच बदलली. ‘च्या डोळ्यांपुढे’, ‘ला आठवलं’, ‘कडून निसटलं’ अशा सुरुवाती यायला लागल्या. डिस्कॉर्डवर नाव तुम्हीच लिहिता, तिथे ही अडचणच नाही, तरी माणसं सवयीने ‘-तो, -ते’ करत राहतात.

आता बोलण्याकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे.

ऐतिहासिक खेळ म्हटला की सगळ्यांच्या तोंडी ‘आज्ञा’, ‘मुजरा’, ‘जी महाराज’ आणि ‘गनीम’ येतात. शिवाय ज्याला गरीब दाखवायचं, त्याच्या तोंडी ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. मग गवळी, मेटकरी, लोहार, नावाडी सगळे एकाच घरात वाढल्यासारखे बोलतात. गावाकडच्या माणसाला हे वाचताना वाईट वाटतं, मला तरी वाटतं. माझ्या आजोळी माण तालुक्यात दोन आळ्यांची बोलणी सारखी नाहीत.

यावर मी करते ते असं. प्रत्येक पात्राची एक पुरचुंडी बांधते. त्यात दहा-बारा शब्द असतात, जास्त नाहीत. हा माणूस वेळ कशाने सांगतो? माप कशात मोजतो? शपथ कुणाची घेतो? वरच्याला काय म्हणून हाक मारतो आणि खालच्याला काय? पंत वेळ घटकांनी सांगतात, ‘दोन घटका रात्र गेली असेल’. (घटका २४ मिनिटांची, म्हणजे ही गोष्ट साधारण पाऊण तासाची.) दौलत प्रहरावर जगतो, कारण त्याचा पहारा प्रहराने बदलतो. गंगाबाईचा दिवस दिवेलागणीने संपतो आणि धान्याचं सगळं मोजमाप पायलीत होतं. तिचे भाऊ कारखानीस, ते कोठारावर, म्हणून त्यांच्या तोंडी खंडी आणि मण. एकाच कोठाराबद्दल बहीण-भाऊ बोलले तरी कोण बोलतंय ते नाव न वाचता कळतं.

आमचं साल मुद्दाम १६७५ ठेवलं आहे. आदल्याच वर्षी राज्याभिषेक झालेला, आणि पदांची नावं बदललेली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तोही फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. खेळणाऱ्याला याहून मोठं घबाड कोणतं? माझे पंत वयस्क आहेत, त्यांच्या तोंडून अजून ‘मुजुमदार’च निघतो. बेळगावचा गडी चालवतो तो तरुण कारकून दर वेळी ‘अमात्य’ म्हणतो. त्या एका शब्दावरून दोघांत एक अख्खा सीन रंगला, आणि त्यात कुणालाही भुवई उंचवावी लागली नाही. तुमचा खेळ राजे-रजवाड्यांचा नसेल, अंतराळातला किंवा पुण्याच्या हॉस्टेलवरचा असेल, तरी जुना शब्द धरून बसलेला आणि नवा शब्द मिरवणारा अशी माणसं तिथेही असतातच.

मग ‘किंचित’चं काय केलं? तो पंतांना देऊन टाकला. निवेदनात तो आता येत नाही, पण पंत तो तोंडाने म्हणतात: ‘किंचित थांबा’, ‘यात किंचित घोळ आहे’. चार सीनमध्ये तो त्यांचा झाला. परवा हवालदाराने रागाच्या भरात ‘किंचित नाही पंत, चांगलाच घोळ आहे’ असं सुनावलं. मला फार आनंद झाला. दोन वर्षं खटकणारा शब्द दुसऱ्या खेळाडूने उचलून परत माझ्याकडे टाकला होता. तुमचा शब्द खरंच लाडका असेल तर त्याला एकच घर द्या, आणि बाकीच्या पात्रांत तो दिसला की काढा.

सजावटीच्या शब्दांबद्दल थोडक्यातच सांगते. भेदक नजर, करारी मुद्रा, धीरगंभीर आवाज, टपोरे नेत्र हे पात्राच्या वर्णनात एकदा लिहा आणि तिथेच ठेवा. वर्णन सगळ्यांनी वाचलेलं असतं.

दुसऱ्याचा शब्द दाखवायचा असेल तर सीन संपल्यावर, खाजगीत, आणि एकच. मला ज्याने सांगितलं त्याने असंच सांगितलं, म्हणून मी ऐकलं. एका जुन्या खेळात मात्र चालू सीनमध्ये, सगळ्यांसमोर एका नवख्या मुलीच्या शब्दांची यादी वाचली गेली. ती परत आली नाही. तिची कुंभारीण फार चांगली होती.

आणि लढाईचा सीन चालू असेल, सहा जण भराभर लिहीत असतील, तर शब्द शोधत बसू नका. ‘मान हलवली’ लिहा आणि पुढे चला. झाडाझडती शनिवारी.

माझ्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर तीनच शब्द. या महिन्याचे आहेत ‘नुसतं’, ‘रोखून’ आणि ‘एकवार’. महिना संपला की लॉग काढते, मोजते आणि चिठ्ठी बदलते.