डोंगळे फुलायच्या आधी मधमाश्यांच्या पेटीतली पोळी मोजा

थंडी सुरू झालीय, निफाड पट्ट्यात पारा अजून खाली जाणार, आणि ज्यांनी बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावलेत त्यांचे गोंडे (फुलांचे गुच्छ) फुलायला जानेवारीअखेर नाहीतर फेब्रुवारी उजाडेल. त्या फुलांत बी धरायला मधमाश्या लागतात, आणि त्यांची वसाहत वाढवायला हाच वेळ आहे. अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला जवळपास 3 आठवडे लागतात, आणि बाहेर पडली की लगेच फुलावर जात नाही, आधी दोनेक आठवडे आतलीच कामं करते. म्हणजे फेब्रुवारीत गोंड्यावर बसणारी माशी डिसेंबरअखेर अंड्यात पाहिजे, फुलं दिसल्यावर धावपळ करून काही होत नाही.

टॉप बारच्या (फ्रेमऐवजी वर नुसत्या लाकडी पट्ट्या, त्यांना पोळी लोंबतात अशा) पेटीवाल्यांचं नुकसान होतं ते एकाच गोष्टीनं. दारावरची ये-जा बघायची, माश्या जोरात आहेत म्हणायचं आणि पेटी उघडायचीच नाही. सिन्नर, चांदवडकडं अशा पेट्या बघितल्यात, डिसेंबरात दारावर गर्दी आणि फेब्रुवारीत आत नुसती मेणकिड्याची (पोळ्याचं मेण खाणारी अळी) जाळी, उळं म्हणजे कांद्याचं बी धरायच्या वेळेला माशीच नाही. दारावरची गर्दी दुसऱ्या पेटीतल्या मध लुटणाऱ्या माश्यांचीही असते, राणी मेलेल्या पेटीतल्या म्हाताऱ्या माश्यांचीही असते. पोळी मोजल्याशिवाय कळत नाही म्हणजे नाही.

पट्ट्यांवर मार्करनं नंबर टाका. दर 8-10 दिवसांनी, ऊन चढल्यावर 11 ते 3 मध्ये उघडा, सकाळच्या गारठ्यात अजिबात नको, पिल्लांना 34-35 अंश ऊब लागते. वहीत प्रत्येक नंबरापुढं लिहा: अंडी, अळ्या, झाकलेली पिल्लं, पराग, मध, रिकामं. पोळ्याला फ्रेमची चौकट नाही, ताजं मेण मऊ असतं, आडवं धरलं की तुटून खाली पडतं, म्हणून उभंच धरा, आणि कडेला चिकटलं असेल तर आधी सुरीनं सोडवा.

राणी शोधत बसू नका. ऊन पाठीमागून घेऊन पोळ्याच्या घरांत बघा, तळाला तांदळाच्या कणीएवढं अंडं उभं दिसलं तर ते ताजं, राणी एका दिवसापूर्वी तिथं होती, तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवं होतं. मागच्या वेळेपेक्षा पिल्लांची पोळी वाढली तर वसाहत वाढतेय. मध वाढला आणि पिल्लं घटली तर वजन चांगलं भरतं पण पेटी मागं चाललीय, फसू नका. सातेरीत (पेटीत पाळतात ती देशी माशी) नराच्या घराच्या झाकणाला बारीक भोक असतं, ती घरं वाढली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीचं लोंबतं घर दिसलं तर पेटी फुटायच्या बेतात आहे, म्हणजे राणी बऱ्याच माश्या घेऊन उडून जाणार, तेव्हा विभाजनाची (एका वसाहतीच्या दोन करायची) तयारी लगेच करा, राणीघर झाकलं गेलं की वेळ गेली.

सरकती फळी (पेटीतली रिकामी जागा अडवणारी) माश्यांच्या गर्दीप्रमाणं हलवा. शेवटचं पोळं माश्यांनी भरलं की त्याच्या बाहेर एक रिकामी पट्टी द्या, थंडीत पिल्लांच्या मधे घालू नका. ज्या पोळ्यावर माश्या बसत नाहीत ते काढून घ्या, मेणकिडा तिथूनच घुसतो. माझा अंदाज असा की दोन तपासण्यांत पिल्लांची पोळी जराही वाढली नाहीत तर आधी अन्न बघावं, मग राणी.

बाकी नेहमीचं:
- पेटीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंगळे अडवायला
- दार पूर्वेला, थंड वारा अडवा
- जवळ पाणी
- तळाची घाण साफ

दुकानदार वसाहत वाढवायचं टॉनिक, पावडर, अँटिबायोटिक गळ्यात मारतो, घेऊ नका, अँटिबायोटिक मधात उतरतं. अन्न कमी असेल तर 1 किलो साखर 1 लिटर पाण्यात विरघळवा, गार करून थोडं थोडं संध्याकाळी पेटीच्या आतच ठेवा, बाहेर सांडलं की लुटालूट सुरू होते. द्राक्षाच्या बागेत नाहीतर डोंगळ्यावर फवारणी करायचीच असेल तर माश्या परत आल्यावर, अंधार पडताना, आणि गोंडे उमलले की कीटकनाशक बंद. शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. ढगाळ हवा, अवकाळीचा अंदाज असेल तर त्या दिवशी उघडू नका, पण उघडीप मिळाली की लगेच बघा, आणि ही तपासणी पुढच्या महिन्यावर टाकू नका.