एका शब्दाचा माग कसा काढावा

मी भाषांतर करते, म्हणून शब्दांचे माग काढायची सवय लागली. आधी एकच शब्द घ्या. मी 'गिफ्ट' घेतला: इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये विष आणि 'विवाहित'सुद्धा! मग प्रत्येक भाषेच्या कोशात जुना अर्थ शोधा. इथे मात्र घाई नको. तिन्हींच्या मुळाशी 'देणे' आहे. ग्रीक 'डोसिस' म्हणजेही देणे, त्यावरून औषधाची मात्रा. त्याच धर्तीवर जर्मनमध्ये 'दिलेले' ते विष झाले. 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा, त्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे. किती सुंदर!

नुसत्या उच्चारावरून नातं जोडू नका. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एकच, पण नातं काहीच नाही.

सरावाला 'चेष्टा' घ्या: मराठीत थट्टा, बंगालीत प्रयत्न, संस्कृतात हालचाल.