डिस्ने वर्ल्डची हाफ मॅरेथॉन: वेळही साधायची आणि मजाही करायची, तर तयारी कशी असावी

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दर जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉन वीकेंडसाठी नाव नोंदवणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवावी. या शर्यतीत आपल्याला ठरावीक वेळ गाठायची आहे, की वाटेत मिकी-मिनीबरोबर फोटो काढायचे आहेत, की दोन्ही करायचे आहे? ‘दोन्ही’ असे उत्तर देण्यास हरकत नाही. मात्र तसे ठरले की मिनिटांचा हिशेब मांडणे भाग पडते आणि तो शर्यतीच्या पहाटे मांडून चालत नाही. गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांत पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, हाफ आणि फुल अशा शर्यती ओळीने होतात. पुढील यादी मुख्यतः शनिवारच्या हाफ मॅरेथॉनला धरून केली आहे, कारण वेळ आणि मजा यांची खरी ओढाताण याच अंतरात होते.

नोंदणी करतानाच वेळेचा पुरावा, म्हणजे मागील एखाद्या शर्यतीचा अधिकृत निकाल, हाताशी ठेवावा. तो मुदतीत सादर केल्यास त्यानुसार पुढचा कॉरल, म्हणजे आधी सुटणारा धावपटूंचा गट, मिळतो आणि नसल्यास मागे उभे राहावे लागते. कोणत्या अंतराची आणि किती जुनी शर्यत ग्राह्य धरतात हे त्या वर्षीच्या सूचनेतच पाहावे, कारण हे नियम बदलत आले आहेत. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने यासाठी सपाट मार्गावरची वेळ निवडावी. साताऱ्याच्या घाटात यवतेश्वरचा चढ चढून मिळवलेली वेळ अभिमानाची खरी, पण येथे तिचा उपयोग कमीच.

मजेसाठीच धावायचे आहे, मग पुरावा कशाला हवा, असा विचार बरेच जण करतात. माझ्या मते ज्याला मजा करायची आहे त्यालाच पुराव्याची गरज जास्त असते. या शर्यतीची कमाल मर्यादा मैलाला 16 मिनिटे, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटांहून किंचित कमी, अशी आहे. सगळ्यांत शेवटच्या कॉरलच्या शेवटी फुगे घेतलेल्या काही स्त्रिया बरोबर याच गतीने चालत असतात. धावपटू त्यांना ‘बलून लेडीज’ म्हणतात, आणि त्यांच्या मागे पडलेल्याला मार्गावरून उचलून बसने अंतिम रेषेकडे नेले जाऊ शकते. म्हणजे मर्यादेचे घड्याळ आपण सुटल्यावर नव्हे, तर शेवटचा माणूस सुटल्यावर चालू होते. समजा, आपला कॉरल शेवटच्या कॉरलच्या 30 मिनिटे आधी सुटला आणि आपण किलोमीटरला 8 मिनिटांच्या पेसने, म्हणजे गतीने, धावत राहिलो, तर दहाव्या किलोमीटरला फुगे आपल्या मागे जवळजवळ 50 मिनिटे असतात. तोच धावपटू शेवटच्या कॉरलमधून निघाला तर त्याच ठिकाणी त्याच्याकडे 20 मिनिटेही शिल्लक नसतात, आणि चार-पाच फोटोंच्या रांगांत ती सहज संपतात. तेव्हा पुरावा देण्याच्या मुदतीआधी दुसऱ्या एखाद्या शर्यतीत मनापासून, घड्याळाकडे डोळे लावून धावून घ्यावे. येथे थांबण्याची मुभा त्या मेहनतीतून मिळते.

यानंतर थांब्यांचा हिशेब करावा. समजा, लक्ष्य अडीच तासांचे आहे. न थांबता धावल्यास त्यासाठी किलोमीटरला 7 मिनिटे 7 सेकंदांचा पेस पुरतो. वाटेत सहा ठिकाणी थांबून प्रत्येक रांगेत सरासरी चार मिनिटे गेली, तर 24 मिनिटे थांबण्यात जातात आणि उरलेल्या 126 मिनिटांत 21.1 किलोमीटर धावण्यासाठी पेस 5 मिनिटे 58 सेकंदांचा लागतो. म्हणजे सहा फोटोंसह अडीच तासांची इच्छा धरणाऱ्याची तयारी प्रत्यक्षात दोन तास सहा मिनिटांची असायला हवी. हाच हिशेब दोन थांब्यांचा केला तर पेस 6 मिनिटे 44 सेकंदांवर येतो, आणि किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आसपास सराव करणाऱ्या धावपटूने तोही आवाक्यात आहे असे गृहीत धरू नये. हे आकडे एकदा मांडले की बहुतेकांची थांब्यांची यादी आपोआप आखूड होते. त्यात प्रत्येक थांब्यानंतर पाय पुन्हा मोकळे होईपर्यंत जाणारे काही सेकंद आणि गर्दीतून वाट काढताना वाढणारे अंतरही धरावे. गर्दीच्या शर्यतीत घड्याळ 21.1 ऐवजी साडेएकवीसच्या जवळ दाखवते, आणि लक्ष्याला चिकटून आखलेला पेस तेवढ्यानेच कोलमडतो.

कोठे थांबायचे हे मार्ग पाहून ठरवावे. हाफचा मार्ग डिस्नेच्या एपकॉट या उद्यानाजवळून निघून रुंद रस्त्याने मॅजिक किंगडम या दुसऱ्या उद्यानाकडे जातो, उद्यानात शिरून मेन स्ट्रीटवरून पुढे टुमॉरोलँड आणि फँटसीलँड या त्यातील भागांना वळसा घालतो, सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या कमानीखालून बाहेर पडतो आणि हॉटेलांच्या बाजूने पुन्हा एपकॉटला येतो. रुंद रस्त्यावरचा पहिला टप्पा अंधारात आणि दाटीवाटीत पार होतो. तेथे मिकीसारख्या पहिल्याच पात्रासाठी रांगेत उभे राहण्याचा मोह होतो, पण नंतर अधिक लाडके पात्र भेटले की पहिल्यावर घालवलेली मिनिटे डोळ्यांत खुपतात. मेन स्ट्रीटवर अंधारातून एकदम उजेडात येणे, दोन्ही बाजूंना ओरडणारे लोक आणि समोर उजळलेला किल्ला हा या शर्यतीचा गाभा आहे. तेथे न थांबताही पेस थोडा सैल सोडावा आणि डोळे घड्याळावरून उचलावेत. किल्ल्याच्या कमानीतून बाहेर येताच पुढे अधिकृत छायाचित्रकार उभे असतात. तेथे फक्त मान वर करून धावत राहिल्यास शून्य मिनिटांत चांगला फोटो मिळतो, म्हणून बिब, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाचा कागद, पोटावर, समोरून दिसेल असा लावावा, कारण त्यावरील क्रमांकावरूनच फोटो आपल्या नावावर येतो. उद्यानातून बाहेर पडल्यावर रस्ता अरुंद होतो आणि तेथे पुढे जाण्याची धडपड व्यर्थ ठरते. वेळ वसूल करायची ती त्यानंतरच्या मोकळ्या रस्त्यावर, परंतु शेवटच्या पाच किलोमीटरांत उड्डाणपुलांचे चढ आहेत हे विसरू नये. फ्लोरिडा सपाट असल्याची समजूत तेथे दूर होते. पेडर रोडच्या चढावर सराव केलेल्याला त्यांचे काही वाटणार नाही, पण फक्त मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्याला ते जाणवतात.

सरावात थांबणे आणि पुन्हा धावू लागणे यांचाही समावेश असावा. आठवड्याच्या लाँग रनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावात, दर तीन-चार किलोमीटरनंतर तीन मिनिटे खरोखर उभे राहावे आणि लगेच ठरलेल्या पेसवर यावे. थंड झालेली पोटरी आणि कमी झालेले हृदयाचे ठोके यांची सवय अशानेच होते. थांबल्यानंतरचा अर्धा किलोमीटर झपाट्याने धावून भरपाई करण्याची खोड सर्वांनाच असते, आणि पंधराव्या किलोमीटरनंतर तिचा हिशेब चुकता होतो. ज्यांना धावणे-चालणे आलटून पालटून करायचे आहे त्यांनी जेफ गॅलोवे यांची पद्धत पाहावी. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या या अमेरिकी धावपटूने डिस्नेच्या शर्यतींसाठी सरावाचे आराखडे तयार केले. त्या पद्धतीत चालण्याची विश्रांती आधीच आखलेली असल्यामुळे फोटोचा थांबा तिच्या जागी बसवता येतो आणि एकूण वेळ फारशी हलत नाही.

पहाटेची तयारी वेगळी करावी लागते. शर्यत पाचच्या सुमारास सुरू होते, पण बस आणि कॉरलपर्यंतचे चालणे धरून उठणे अडीच-तीनला होते. कॅलिफोर्नियातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही वेळ आदल्या रात्रीची साडेअकरा असते, त्यामुळे त्यांनी किमान आठवडाभर आधीपासून झोपेची वेळ रोज थोडी लवकर आणत न्यावी. भारतातून नुकत्याच आलेल्याला मात्र फ्लोरिडातले अडीच म्हणजे घरची दुपारची एक असल्यामुळे जाग आपोआप येते. त्याची अडचण लांबच्या प्रवासाने सुजलेल्या पायांची असते, म्हणून त्याने शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी पोहोचावे आणि त्या दिवसांत उद्यानांत दिवसभर पायपीट करू नये. मुलांना हे समजावणे कठीण जाते, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी रांगांत उभे राहून वीस हजार पावले चालणे आणि दुसऱ्या दिवशी वेळेचे लक्ष्य ठेवणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. बिब एक्स्पोमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, छायाचित्राचे ओळखपत्र दाखवून स्वतःच घ्यावा लागतो आणि शर्यतीच्या सकाळी तो मिळत नाही, त्यामुळे ते काम पहिल्याच दिवशी उरकावे.

पोशाखाचा निर्णय वेळेच्या लक्ष्यावर सोपवावा. परीच्या पंखांनी किंवा जाड टोपीने घाम अडतो, आणि जानेवारीतील ऑर्लँडोचे हवामान भरवशाचे नसते. एखादी पहाट गोठणबिंदूच्या आसपास असते, तर एखादी मुंबईच्या ऑक्टोबरची आठवण करून देते. वेळ हवी असेल तर रोजच्या धावण्याच्या कपड्यांनाच रंगसंगतीने पात्राचे रूप द्यावे. मजा हवी असेल तर पूर्ण वेश घालावा, पण तो घालून किमान एकदा बारा-पंधरा किलोमीटर धावून पाहावे आणि काखेत, मांडीत कोठे घासते ते तपासावे. कॉरलमध्ये तास-दीड तास उभे राहावे लागते, म्हणून टाकून देता येईल असा जुना स्वेटर सोबत ठेवावा. सेल्फी स्टिक डिस्नेच्या उद्यानांत चालत नाही.

घड्याळातील ‘ऑटो पॉज’ बंद करावे. रांगेत उभे असताना आपले घड्याळ थांबले तरी शर्यतीची अधिकृत वेळ मोजणाऱ्या चिपचे थांबत नाही, आणि शेवटी जुळत नसलेले दोन आकडे पाहून होणारी चिडचिड टाळता येते. निर्णयाची एक जागा आधीच ठरवून ठेवावी. मॅजिक किंगडममधून बाहेर पडताना घड्याळ पाहावे. ठरलेल्या वेळेच्या पुढे असल्यास उरलेला एक थांबा घ्यावा, मागे असल्यास उरलेले सर्व थांबे सोडावेत किंवा वेळेचा नाद सोडून मोकळेपणाने फोटो काढावेत. मधली वाट, म्हणजे दर फोटोला घड्याळ पाहत उभे राहणे, दोन्हीकडून तोट्याची आहे. थांबताना किंवा चालू लागताना हात वर करून कडेला यावे, कारण मागून येणारा कदाचित आपल्या वैयक्तिक विक्रमासाठी धावत असतो.

एकाहून अधिक शर्यतींत उतरणाऱ्याने लक्ष्य वाटून घ्यावे. हाफ आणि फुल मिळून होणारे गूफी आव्हान 39.3 मैलांचे आहे, तर चारही शर्यतींचे डोपी आव्हान 48.6 मैलांचे, म्हणजे सुमारे 78 किलोमीटरचे, असून ते 2014 पासून घेतले जाते. डोपीत पाच आणि दहा किलोमीटरमध्ये सगळे फोटो काढून घ्यावेत, हाफ सरावाच्या पेसने धावावी आणि वेळेचा आग्रह असेलच तर तो एका रविवारपुरता ठेवावा. फुल मॅरेथॉन चारही उद्यानांतून जाते आणि अॅनिमल किंगडममधील एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या रोलर कोस्टरवर मध्येच बसून येणारे धावपटू दर वर्षी निघतात. ज्याला ते करायचे आहे त्याने वेळेचे लक्ष्य घरीच ठेवून यावे, कारण बेचाळीस किलोमीटरच्या मध्यावर रांगेत उभे राहिल्यावर पाय परत मिळवणे सोपे नसते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते आणि ऑर्लँडोची शर्यत तिच्या थोडी आधी येते. दोन्ही करणाऱ्याने वेळ मुंबईत लावावी आणि येथे मजा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला आणखी एक कारण आहे. 7 जानेवारी 2017 रोजी विजा पडण्याच्या शक्यतेमुळे येथील हाफ मॅरेथॉन रद्द करावी लागली होती. वर्षभराचे एकमेव वेळेचे लक्ष्य येथे बांधलेल्यांच्या हाती त्या दिवशी काही उरले नाही. म्हणून दुसरी शर्यत नोंदवून ठेवावी, आणि ती शक्यतो सपाट, कमी गर्दीची असावी.

शेवटचे काम पैशांचे आहे. धावण्यासाठी उद्यानाचे तिकीट लागत नाही, पण शर्यतीनंतर आत जायचे तर ते वेगळे घ्यावे लागते. ते त्याच दिवशीचे न घेता दुसऱ्या दिवसाचे घ्यावे, कारण अडीचला उठलेला माणूस दुपारी रांगेत पेंगतो. दुसऱ्या दिवशी पदक गळ्यात घालून उद्यानात फिरणारे शेकडो लोक दिसतात; मार्गावर सोडून दिलेल्या पात्रांबरोबरचे फोटो तेव्हा काढता येतात, आणि त्यासाठी मोबाइल आणि पॉवर बँक आदल्या रात्री चार्ज करून ठेवावेत.