जुनं वॉशिंग मशीन विकताना घासाघीस कशी आवरली

कोथरूडमधून घर बदलताना आमचं ६.५ किलोचं टॉप लोड मशीन ऑनलाइन टाकलं, किंमत ७०००, आणि फोन नुसता वाजायला लागला. सगळ्यांचा एकच मेसेज, "लास्ट किती?" मशीन चालू आहे का हे कोणी विचारलं नाही, थेट "३००० देतो, आत्ता येतो". पहिल्या दोघांना मी चॅटवरच ६००० सांगून बसले आणि तिथेच चुकलं, कारण चॅटवर सांगितलेला भाव त्यांच्यासाठी सुरुवात असतो, दारात आले की परत ५००० ला मागतात.

मग जाहिरात काढून नव्याने टाकली. पाणी भरण्यापासून स्पिनपर्यंत सलग व्हिडिओ, बिलाचा फोटो, आणि झाकणाजवळचा गंजाचा डागसुद्धा जवळून दाखवला, म्हणजे नंतर तेवढ्यावरून कोणी पैसे पाडायला नको. किंमत ६८००, मनात हद्द ६०००. "लास्ट"ला एकच उत्तर, आधी चालवून बघा, भावाचं समोर बोलू.

निम्मे लोक गायब झाले, बरंच झालं. एकाने न बघताच पूर्ण पैसे देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात, म्हणून त्याला लगेच ब्लॉक केलं. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागतच नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

शेवटी हडपसरहून एक काका-काकू टेम्पो घेऊनच आले. काकूंनी स्पिन लावून वर हात ठेवून बघितला, "ताई, टेम्पोचं तरी सोडा" म्हणाल्या, मी ५०० सोडले, ६३०० ला दिलं. इनलेट पाइपही सोबत देऊन टाकला.