पाच आठवडे म्हणजे तीन: बाळाबद्दल काहीच माहीत नसेल तर सुरुवात कुठून करायची

"पाच आठवडे झालेत," ताई फोनवर म्हणाली. मी अभिनंदन करायचं सोडून बोटं मोजायला लागलो. दाजी महिनाभराच्या दौऱ्यावरून परतले त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मग हे वरचे दोन आठवडे कुठून आले? दोन दिवस मी ते ओझं डोक्यावर घेऊन फिरत होतो. शेवटी नर्स असलेल्या एका मैत्रिणीला आडून आडून विचारलं, "एका मित्राच्या बहिणीचं असं असं झालंय..." ती इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. दाजींना हे अजून माहीत नाही.

तेव्हा मी 25 वर्षांचा होतो. शाळेत बेडकाचं जीवनचक्र मला आकृतीसकट पाठ होतं. माणसाचा धडा मात्र "घरी वाचून घ्या" म्हणून सुटला आणि घरी तो कुणी वाचला नाही. पुढे ताई आठ महिने माझ्याकडे राहिली, कारण दाजी पुन्हा बाहेर होते. त्या काळात जे जे उशिरा कळलं, ते तुम्हाला वेळेत कळावं म्हणून हे लिहितोय. तुमचं लग्न झालेलं असो नसो, मूल हवं असो नसो, यातलं अर्धं तरी लागणारच आहे.

आधी मोजायला शिका

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ नेमका कधी राहिला हे सहसा कुणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र आठवते, म्हणून ही पद्धत. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत बाई गरोदर नसतेच, तरी ते हिशेबात धरले जातात. पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. ताईचे पाच म्हणजे खरे तीन. दाजी निर्दोष आणि ताईही.

एकूण 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. तारीख काढायची सोपी रीत अशी: पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि तीन महिने मागे या. 10 मार्चला पाळी आली असेल तर 17 डिसेंबर. पाळी 28 दिवसांची धरून हा हिशेब आहे. कुणाची 35 दिवसांनी येत असेल तर तो चुकतो आणि सुरुवातीच्या सोनोग्राफीत तारीख दुरुस्त करून मिळते. त्या तारखेला रेल्वेचं तिकीट समजू नका. नेमक्या त्याच दिवशी 20 पैकी जेमतेम एखादं बाळ येतं, बाकीची बहुतेक 37 ते 42 आठवड्यांच्या मध्ये कधीतरी. मी तारखेच्या दिवशी ऑफिसातून रजा घेऊन बसलो होतो. भाची सहा दिवसांनी आली.

दिवस कधी राहतात

माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलांचा समज "पाळीनंतर चौदाव्या दिवशी" असा आहे. तो 28 दिवसांच्या पाळीपुरता खरा. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बाहेर पडतं. मागून मोजा, पुढून नको. 35 दिवसांचं चक्र असेल तर तो दिवस एकविसावा येतो. अडचण अशी की पुढची पाळी कधी येणार हे आधी पक्कं ठाऊक नसतं. ताण, आजारपण, प्रवास, कशानेही ती सरकते.

स्त्रीबीज 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याच्या चार-पाच दिवस आधी आलेला संबंधही मोजायचा. मूल हवं असेल तर हे सहा दिवस कामाचे. नको असेल तर "सेफ दिवस" मोजत बसू नका, साधन वापरा. ऐन वेळी बाहेर काढणं हे साधन नव्हे. त्यावर विसंबणाऱ्या 100 जोडप्यांपैकी साधारण 20 जणांना वर्षभरात दिवस राहतात. कंडोम फाटला तर तातडीची गोळी असते. ती जितकी लवकर तितकी बरी, त्यातली सहसा मिळणारी गोळी 72 तासांच्या आत. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही, ती त्यासाठी नसतेच.

घरच्या टेस्टबद्दल थोडक्यात. पाळी चुकल्यावर करा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर. चिठ्ठीवर लिहिलेल्या मिनिटांतच रेघ बघा, तासाभराने कचऱ्यातून काढून बघू नका. फिकी रेघही रेघच. नाही आली आणि पाळीही नाही आली, तर आठवड्याने पुन्हा करा. टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे आणि पोटात एका बाजूला जोराचं दुखतंय, चक्कर येतेय, रक्त जातंय, तर दवाखाना त्याच क्षणी. गर्भ नळीत अडकलेला असू शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

मूल हवं आहे त्यांनी एक गोष्ट मोजणीच्याही आधी करायची: फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. वरच्या हिशेबाने तो सहावा आठवडा. कित्येकींना तेव्हा नुकतंच कळलेलं असतं. मग गोळी सुरू करायला डॉक्टरची पहिली तारीख येईपर्यंत थांबलात, तर ज्या कामासाठी ती होती ते काम उरकलेलं असतं.

जे ताईने मला सांगितलं नव्हतं

तिसऱ्या महिन्यात एका रात्री ती म्हणाली, "हे दुसरं आहे." पहिलं दोन वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात गेलं होतं. घरात दाजींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि मी काय विचारलं असेन? "काय झालं होतं? काही उचललंस वगैरे का?"

ती रडली नाही. फक्त उठून आत गेली.

नंतर वाचलं तेव्हा समजलं. कळून आलेल्या गर्भारपणांपैकी 10 ते 20 टक्के असे संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची गफलत पहिल्याच पेशीपासून असते. जिना चढल्याने, कामाला गेल्याने, भांडण झाल्याने ते होत नाही. मी विचारलेला प्रश्न तिने स्वतःला दोन वर्षं विचारला होता, आणि मी तो नव्याने तिच्या हातात दिला.

तेव्हा कुणी असं सांगितलं तर "तुझं काही चुकलं नाही" आणि "फार वाईट झालं" एवढं पुरे. "होईल दुसरं" म्हणू नका. "लवकर गेलं ते बरं" तर अजिबातच नको. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुला कोण शिकवणार होतं, बाबा?"

नऊ महिन्यांत घरातल्या माणसाने काय करायचं

उलट्या फक्त सकाळी होतात, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय. ताईला संध्याकाळी सातला व्हायच्या आणि माझ्या साबणाच्या वासाने व्हायच्या. मी साबण बदलला. बहुतेकींचं चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतं. पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर डॉक्टरकडे जायचं. "सगळ्यांनाच होतं" हे त्यावर उत्तर नाही.

"आता दोघांचं खा" म्हणणाऱ्यांना गप्प करायचं काम तुमचं. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीच लागत नाही आणि पुढेही एखाद्या जादा खाण्याइतकंच लागतं. दारू थोडीसुद्धा नको, सुरक्षित असं प्रमाण कुणालाच ठरवता आलेलं नाही. सिगारेट तिच्या हातातली नको, तशी तुमच्याही. डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारून.

एक कागद मी फ्रिजवर लावला होता. त्यावर लिहिलं होतं: रक्तस्राव, गर्भपिशवीतलं पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, चेहरा-हात अचानक सुजणं, बरगडीखाली दुखणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. डोकेदुखी, नजर आणि सूज या गोष्टी विसाव्या आठवड्यानंतर वाढलेल्या रक्तदाबाच्या खुणा असू शकतात. हालचाल पहिल्या खेपेला साधारण 18 ते 20 आठवड्यांत जाणवू लागते. "शेवटी शेवटी जागा नसते म्हणून बाळ शांत होतं" हे मला तिघांनी सांगितलं. तिघंही चूक. हालचालीचा प्रकार बदलतो, पण ती कमी व्हायला नको.

कळा

सिनेमात आधी धो धो पाणी जातं, मग किंकाळी, मग गाडी सुसाट. प्रत्यक्षात कळांच्या आधी पाणी साधारण दहातल्या एकीचंच जातं. ताईच्या कळा रात्री अकराला सुरू झाल्या आणि ती कपाटातले कपडे घड्या घालत बसली. मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात. पहिल्या खेपेला सगळं मिळून 12-18 तास सहज लागतात. मोबाइलवर कळांची वेळ लिहायची: दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभराची, आणि हे तासभर चालू, मग निघायचं. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा दिवस भरायच्या आत, म्हणजे 37 आठवड्यांआधी कळा आल्या, तर हा हिशेब करत बसायचं नाही. तुमच्या डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

बाळ आलं की संपलं असं मला वाटायचं. मग वार, म्हणजे बाळाला आत पोसणारा भाग, पडते. मग चार ते सहा आठवडे रक्तस्राव होत राहतो, हे मला बहिणीचे पॅड आणायला जाईपर्यंत माहीत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताई कारण नसताना रडायला लागली. बहुतेक बायकांना असं होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. निवळलं नाही तर ते आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हो, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनीही पुन्हा दिवस राहू शकतात, पाळी आलेली नसली तरी.

घरी आलेलं बाळ

भाचीचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबट होतं. मी काही बोललो नाही, पण फोटो कुणाला पाठवले नाहीत. ते काही दिवसांत गोल होतं. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. वजन पहिल्या दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. डायपरमध्ये गुलाबी डाग दिसला तेव्हा मी ओरडलो होतो. आईची संप्रेरकं अंगातून उतरताना मुलींना थोडं रक्त जाऊ शकतं.

तिसऱ्या रात्री मी ताईला उठवलं, "ती श्वास घेत नाहीये." तोवर ती घ्यायला लागली होती. नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा घेतं. 20 सेकंद थांबलं, निळं पडलं, कण्हत असेल किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर मात्र धावायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला, तरीही. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांना दिसते, ती डॉक्टरला दाखवायची. पहिल्या 24 तासांतच दिसली तर लगेच.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, डायपर मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले हवेत. 24 तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, रात्री धरून. सहा महिने वरचं पाणी नाही. वर्ष होईपर्यंत मध चाटवायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो.

झोपवायचं पाठीवर, प्रत्येक वेळी. गादी घट्ट आणि सपाट, उशी नाही, दुलई नाही, ताईच्या ऑफिसमधून आलेला तो भलामोठा अस्वलही नाही. तिला कुशीवर वळवून "बघा कशी गोड झोपलीय" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी दोनदा बाहेर बसवलं.

उचलायची भीती वाटते ना? टॉवेलची गुंडाळी घेऊन सराव करा, मी केला. एक हात मानेखाली, डोक्यापर्यंत पसरलेला, दुसरा ढुंगणाखाली, आणि बाळ वर उचलण्यापेक्षा आपण खाली वाकायचं. त्याआधी हात धुवायचे.

रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं आणि सहाव्याच्या सुमारास कळस गाठतं. पोट भरलंय, डायपर कोरडा आहे, ताप नाही, तरी ती दीड तास रडत होती आणि माझे दात आवळले गेले होते. अशा वेळी बाळाला पाठीवर त्याच्या जागी ठेवायचं, दार ओढायचं आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. चिडून गदागदा हलवायचं नाही, एकदाही नाही. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, शंभरपर्यंत मोजलं, परत आलो. ती तशीच रडत होती. मी तिला उचललं, आणि पुढची पाळी दाजींची लावली.