नवतप्यातही जागा न सोडणारा व्हिस्पर बीकन कसा बनवावा

व्हिस्पर बीकन म्हणजे अगदी कमी ताकदीचा रेडिओ सिग्नल ठरल्या वेळी आपोआप पाठवणारं छोटं यंत्र; त्याची फ्रीक्वेन्सी ठरवतो आतला क्रिस्टल. अशा बीकनची कुठलीही कृती उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं: "क्रिस्टलचं कॅलिब्रेशन एकदा करून घ्या." एकदा! जानेवारीच्या पहाटे दहा अंशांत जुळवलेला ऑसिलेटर नवतप्याच्या दुपारी पंचेचाळीस अंशांतही तसाच चालेल असं मानणाऱ्याला मी नागपूरला, माझ्या गच्चीवरच्या खोलीत, दुपारी दोनला चहाला बोलावतो.

मी थर्मल प्लँटात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळत निवृत्त झालो, माझा कॉलेजचा मित्र टेलिफोन एक्स्चेंजमधून. दोघांकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स, दोघांनाही मायक्रोकंट्रोलरचा नाद. आम्ही मिळून असे सात-आठ बीकन बनवले. पहिले तीन फसले आणि तिन्ही एकाच टप्प्यावर, कॅलिब्रेशनला, फसले. तेव्हा बाकीचं भरभर सांगतो, तिथे मात्र थांबतो.

व्हिस्पर काय आहे ते थोडक्यात. जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जो टेलर स्वतः हॅम आहेत. २००८ मध्ये त्यांनी ही पद्धत आणली. तुमचं कॉलसाइन (लायसन्सवरचं ओळखनाव), चार अक्षरांचं ग्रिड (नकाशावरच्या जागेचा संकेत) आणि पॉवर, एवढाच मजकूर. तो १६२ चिन्हांत बांधून ११०.६ सेकंदांत संथपणे पाठवायचा. चार सूर, दोन सुरांत अंतर जेमतेम १.४६ हर्ट्झ, सगळा सिग्नल मिळून सहा हर्ट्झ रुंद. एवढा अरुंद असल्यामुळेच पाव वॅटसुद्धा न लागता तो दुसऱ्या खंडात ऐकू जातो. आणि एवढा अरुंद असल्यामुळेच तो जागेवरून सरकला की संपलं.

लायसन्सशिवाय अँटेना जोडायची नाही. डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची, परीक्षा द्या. खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडलाही ४० मीटर (सात मेगाहर्ट्झ) बँड मिळतो. लायसन्स हातात येईपर्यंत सगळी चाचणी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी रेझिस्टर जोडून, करा. १०० ओहमचे एक वॅटचे दोन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम झाले. वायरवाउंड नकोत, मेटल फिल्म घ्या.

सामान: अर्डुइनो नॅनो, एसआय-५३५१ (हवी ती फ्रीक्वेन्सी बनवणारी चिप) चं छोटं बोर्ड, निओ-६एम जीपीएस, बीएस-१७० मॉसफेट, टी-३७-६ चे तीन पिवळे टोरॉइड (तार गुंडाळायच्या रिंगा), एनपीओ जातीचे, म्हणजे उष्णतेने न बदलणारे, कपॅसिटर. बहुतेक नागपूरच्या बर्डी बाजारात मिळतं, टोरॉइड मात्र मागवावे लागतात. बर्डीच्या एका दुकानदाराने मला पिवळा रंग दिसतोय म्हणून कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग टी-३७ म्हणून दिली होती. ती लोहभुकटीची असली तरी वेगळ्या मिश्रणाची असते आणि सात मेगाहर्ट्झवर नुसती गरम होते.

जुळणी सोपी आहे. नॅनो आणि एसआय-५३५१ मधल्या आय-टू-सीच्या दोन तारा, जीपीएसची सिरीयल तार, जीपीएसची पीपीएस (दर सेकंदाला एक ठोका देणारी) तार डी-२ ला, एसआय-५३५१ चं क्लॉक-शून्य मॉसफेटच्या गेटकडे आणि क्लॉक-एक थेट नॅनोच्या डी-५ ला. ही शेवटची तार बोटभरच ठेवा, कारण पुढे कळेल. गेटच्या बायसचा प्रीसेट (छोटा फिरता रेझिस्टर) आधी शून्यावर फिरवा आणि मगच बारा व्होल्ट द्या. डमी लोडवर २०० मिलिवॅट मिळाले की प्रीसेटला हात लावू नका.

फिल्टर टाळू नका. एसआय-५३५१ चौकोनी लाट देतो. तिचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रीक्वेन्सीचा उपसूर, २१ मेगाहर्ट्झवर जोरात बोलतो. टोकांना २७० पिकोफॅरड, मधे दोन ६८० चे, आणि वेढे २१, २४, २१. तार रिंगच्या भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. बाहेरून मोजलेत तर एक कमी भरतो. आम्हा इंजिनिअरांना हे फार उशिरा कळतं.

प्रोग्रॅमसाठी लायब्ऱ्या तयार आहेत. एकच गोष्ट लक्षात असू द्या: नेहमीच्या लायब्ररीत फ्रीक्वेन्सी हर्ट्झच्या शंभराव्या भागात द्यायची असते. ७०,४०,१०० हर्ट्झ हवे तर ७०,४०,१०,००० लिहा. शंभरने गुणायचं राहिलं की बीकन ७० किलोहर्ट्झवर जाऊन बसतो आणि तुम्ही रात्रभर अँटेनाला शिव्या देता. ग्रिडमध्ये नागपूरसाठी एमएल९१. पॉवर २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. प्रसारण सम मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला सुरू करायचं. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे ३३० मिनिटं, आणि ती सम संख्या आहे. त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाचं सम मिनिटही चालतं.

आता कॅलिब्रेशन.

आधी गणित. ४० मीटरवर व्हिस्परची खिडकी ७.०४०० ते ७.०४०२ मेगाहर्ट्झ, म्हणजे फक्त २०० हर्ट्झची. सात मेगाहर्ट्झवर एक पीपीएम (दहा लाखांत एक) चूक म्हणजे सात हर्ट्झ. स्वस्त बोर्डावरचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल २० पीपीएमने चुकणं अगदी नेहमीचं, म्हणजे १४० हर्ट्झ. खिडकीच्या मधोमध नेम धरलात तरी तुम्ही भिंतीत. माझा पहिला बीकन आठवडाभर असाच भिंतीशी बोलत होता.

बरेच जण सांगतात की रेडिओवर सूर ऐकून जुळवा. करू नका. तुमच्या रेडिओच्या आत क्रिस्टलच आहे आणि त्यालाही उकडतं. खिशातलं फ्रीक्वेन्सी काउंटरही तसंच. खरं माप हवं तर ते जीपीएसकडून घ्या. उपग्रहांत अणुघड्याळं आहेत आणि त्यांचा सेकंद पीपीएसच्या तारेवर फुकट येतो.

पद्धत अशी. क्लॉक-एकवर २.५ मेगाहर्ट्झ काढा आणि ती लाट डी-५ वरून नॅनोच्या टायमर-एकला मोजायला द्या. पीपीएसच्या एका ठोक्याला मोजणी सुरू, चाळीस ठोक्यांनी बंद. क्रिस्टल अचूक असेल तर आकडा येतो बरोबर दहा कोटी. म्हणजे एक लाट कमी-जास्त झाली की चूक दहा पीपीबी, अब्जात दहा. जेवढ्या लाटा जास्त, त्याच्या दहापट आकडा दुरुस्ती म्हणून लायब्ररीला द्यायचा. कागदावर इतकं सुंदर दिसतं की मी एका संध्याकाळी संपवीन म्हणालो होतो. तीन आठवडे गेले.

पहिला घोळ चिन्हाचा. मोजणी जास्त आली तर दुरुस्ती धन. "जास्त आहे म्हणजे वजा करायला हवं" असं मन सांगतं. मी तसं केलं आणि चूक दुप्पट झाली. दुरुस्ती दिल्यावर पुन्हा मोजा. दहा कोटींच्या जवळ आलात तर चिन्ह बरोबर, दुप्पट लांब गेलात तर उलटं. मोजताना जुनी दुरुस्ती लागू असेल तर नवा फरक तिच्यात मिळवायचा असतो, तिच्या जागी लिहायचा नसतो.

दुसरा घोळ जास्त छळतो. नऊ मोजण्या शहाण्यासारख्या येतात आणि दहावी एकदम ६५,५३६ ने चुकते. नेमका हाच आकडा दिसला की समजा, क्रिस्टल निर्दोष आहे. टायमर-एक सोळा बिटांचा, तो दर २६ मिलिसेकंदांनी भरून पुन्हा शून्यावर येतो आणि तुम्ही त्या फेऱ्या इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम थांबवून धावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, मोजता. पीपीएसचा ठोका नेमका फेरी पूर्ण होतानाच पडला तर टायमर शून्यावर आलेला असतो, पण फेरीची नोंद व्हायची असते. ठोक्याच्या इंटरप्टमध्ये टायमर वाचल्यावर ओव्हरफ्लोचा फ्लॅग तपासा. तो उभा असेल आणि वाचलेला आकडा लहान असेल तर एक फेरी जास्त धरा. दोन ओळींचं काम. मी त्यासाठी दोन जीपीएस बदलले होते.

तिसरा: सॉफ्टवेअर सिरीयल, जीपीएसचं बोलणं वाचणारी लायब्ररी. ते एकेक अक्षर वाचताना जवळजवळ एक मिलिसेकंद इंटरप्ट अडवून धरतं, आणि तेवढ्यात २,५०० लाटा निघून जातात. मोजणीचे चाळीस सेकंद जीपीएसचं बोलणं ऐकूच नका. टायमर-शून्यही तेवढ्यापुरता बंद करा. तरी शेवटचा आकडा थोडा हलेल. दहा लाटांचा फरक म्हणजे हवेत एक हर्ट्झसुद्धा नाही. त्याच्या मागे लागू नका. मोजणी हजारोंनी कमी येत असेल तर डी-५ ची तार लांब झाली आहे. एसआय-५३५१ चे ३.३ व्होल्ट नॅनोला 'हाय' म्हणून जेमतेम पटतात. लाट जरा बसकी झाली की गाळली जाते.

इथपर्यंत सगळं जमलं, बीकन जानेवारीत उत्तम चालला आणि मी अंगठ्याएवढ्या अक्षरांत दुरुस्तीचा आकडा डब्यावर लिहून ठेवला. मे महिन्यात मित्राचा फोन: "काय करून राह्यला बे? तू ३५ हर्ट्झ खाली बसला आहेस." दोन दिवसांनी तर बीकन ऐकणाऱ्या स्टेशनांचे इंटरनेटवरचे रिपोर्ट यायचेच बंद झाले.

इथे लोक दोन वेगळे आजार एकत्र करतात, म्हणून औषध लागू पडत नाही. एक आजार हळू: ऋतू, दुपार, रात्र यांप्रमाणे क्रिस्टलची जागा बदलते. दुसरा जलद: त्या ११० सेकंदांच्या आतच सूर घसरतो. सहा हर्ट्झच्या सिग्नलला दोन मिनिटांत तीन-चार हर्ट्झची घसरण म्हणजे डिकोडरची सहनशक्ती संपली.

हळू आजारावर एकच उपाय: दर प्रसारणाआधी चाळीस सेकंद पुन्हा मोजा. दहा मिनिटांतून एकदा प्रसारण करत असाल तर वेळच वेळ आहे. डब्यावर आकडा लिहिण्याची गरज उरत नाही. काही जण जीपीएसऐवजी डीएस-३२३१ घड्याळ लावा म्हणतात. वेळ पाळायला ते चालेल, मोजायला नाही. त्याची दोन पीपीएमची हमी ४० अंशांपर्यंतच आहे. आपल्याकडे ४० म्हणजे एप्रिल.

जलद आजाराचा गुन्हेगार माझ्या खोलीत कूलर निघाला. खसची ताटी, मोठा पंखा आणि त्याचा झोत सरळ टेबलावर. पंप चालू-बंद झाला की झोत गार-कोरडा व्हायचा आणि नखाएवढ्या त्या क्रिस्टलला लगेच कळायचं. बोर्डावर नुसती फुंकर मारून पाहा, सूर हललेला कानाने ऐकू येतो. बोर्ड थर्माकोलच्या डब्यात घाला. आम्ही आइस्क्रीमच्या पार्सलचा डबा कापला. थर्माकोल गारवा धरून ठेवेल ही अपेक्षा नको; तो बदल सावकाश करतो, आपल्याला तेवढंच हवं आहे. बीएस-१७० आणि व्होल्टेज रेग्युलेटर डब्याबाहेर. नॅनोला बारा व्होल्ट देऊ नका. त्याच्यावरचा रेग्युलेटर तापतो आणि आतल्या आत शेगडी होते. बाहेरून पाच व्होल्ट द्या.

एवढं करूनही सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात घसरण दिसत असेल तर ती चिपची स्वतःची ऊब. आउटपुट चालू झालं की एसआय-५३५१ गरम होतो आणि शेजारचा क्रिस्टलही. म्हणून चिपला कधी थंड होऊ देऊ नका. प्रसारण नसेल तेव्हा मोजणीचं क्लॉक-एक चालू. प्रसारण सुरू होताना ते बंद आणि क्लॉक-शून्य चालू. एक ना एक आउटपुट कायम जागं. दोन्ही एकदम चालू ठेवण्याचा आळस मी केला होता. २.५ चा तिसरा हार्मोनिक ७.५ मेगाहर्ट्झवर पडतो, आपल्या फिल्टरमधून आरामात निघतो, आणि तो हॅम बँडच्या बाहेर आहे.

अँटेना: २०.३ मीटर तार मधोमध कापून उलट्या व्हीसारखी, बांबू मधे, टोकं गच्चीच्या कठड्याला नायलॉनच्या दोरीने. अवकाळीचे ढग दिसले की फीडर (अँटेनाची केबल) काढून घराबाहेर टाका. जीपीएसचा अँटेना टिनाच्या शेडखाली ठेवू नका.

दिवसा रिपोर्ट काही शे किलोमीटरच्या आतले येतील, अंधार पडला की दूरचे. रिपोर्टमध्ये सिग्नलच्या आकड्याशेजारी ड्रिफ्टचा, म्हणजे घसरणीचा, रकाना असतो, तो आधी वाचा. शून्य किंवा एक असेल तर डब्याचं झाकण चिकटवून टाका. उणे दोन-तीन दिसलं आणि निरनिराळ्या स्टेशनांनी तेच कळवलं, तर आधी कूलर दुसरीकडे वळवून एक रात्र पाहा. एकाच स्टेशनाला दिसत असेल तर उकडतंय त्याच्या खोलीत.